बिघाड नेमका कुठे?

चंदीगडच्या सेक्टर ३४ ची दोन रूपे आहेत. ‘ए’ भागात मोठ्या चौकोनी इमारती आहेत. तिथे बँकांची आणि विमा कंपन्यांची कार्यालये, डॉक्टर-इंजिनीअर होऊ पाहणाऱ्या मुलांचे क्लासेस, परदेशी निघालेल्यांना आयेल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करून देणाऱ्या संस्था, पिकॅडिली चित्रपटगृह आणि प्रदर्शनाचे विस्तीर्ण मैदान. आत गेले की राहती वस्ती लागते. दोन-तीन मजली कोठ्या, पुढे छोटीशी हिरवळ, खाली घरमालक, वर भाडेकरू. याच सेक्टर ३४-ए मध्ये ‘संचार सदन’ आहे, भारत संचार निगमच्या (बीएसएनएल) पंजाब परिमंडळाचे मुख्य कार्यालय. पंजाबातल्या सरकारी टेलिफोनचा कारभार जिथून चालतो, तिथून पायी जाता येईल अशा अंतरावर ही घरे आहेत. तरीही एखाद्या संध्याकाळी जिन्यात तेच वाक्य कानावर पडते, जे सांगलीत, ठाण्यात किंवा नांदेडात पडते. फक्त भाषा वेगळी: ‘नेट नहीं चल रहा जी.’

कामानिमित्त मी या सेक्टरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. घरच्या इंटरनेटचे दुखणे नीट समजून घ्यायचे मी इथेच ठरवले, कारण इथे ते अगदी उघड दिसते. ऑनलाइन सराव परीक्षा देणारा मुलगा, घरून काम करणारी मुलगी, मुलांशी व्हिडिओवर बोलायला रात्री नऊची वाट पाहणारे आईवडील, अशी सगळी माणसे एका कोठीत सापडतात. पीजीआय ही वैद्यकीय संस्था, पंजाब विद्यापीठ आणि चंडीमंदिरची लष्करी छावणी यांमुळे मराठी घरेही या परिसराला नवी नाहीत. या साऱ्यांचे म्हणणे एकच असते, नेट बंद आहे. पण ‘नेट बंद’ ही तक्रार झाली, निदान झाले नाही. निदानासाठी एकच प्रश्न विचारावा लागतो: वाट नेमकी कुठे तुटली?

सात रस्ते

वाट समजून घ्यायला चंदीगडइतके सोयीचे गाव नाही. वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिए यांनी हे शहर आखताना रस्त्यांच्या सात पायऱ्या ठरवल्या, व्ही-१ ते व्ही-७. व्ही-१ दुसऱ्या शहरांना जोडतो, व्ही-२ म्हणजे दक्षिण मार्गासारखे शहराचे मुख्य रस्ते. साधारण ८०० मीटर रुंद आणि १२०० मीटर लांब अशा प्रत्येक सेक्टरला व्ही-३ वेढून असतो, आणि घराचे दार त्याच्यावर उघडत नाही. सेक्टरात शिरल्यावर बाजाराचा व्ही-४, त्यातून फुटणारा व्ही-५, मग घराच्या दारापर्यंतचा व्ही-६ आणि शेवटी पायवाटांचा व्ही-७.

घरच्या इंटरनेटचीही अशीच उतरंड असते. संगणकापासून राउटरपर्यंतचा पहिला टप्पा घरातला. राउटरपासून गल्लीतल्या डब्यापर्यंत आणि पुढे कंपनीच्या एक्स्चेंजपर्यंतचा दुसरा टप्पा सेक्टरातला. एक्स्चेंजपासून दिल्ली, मुंबई आणि समुद्रापलीकडे जाणारा तिसरा टप्पा महामार्गाचा. घरासमोर खड्डा पडला असेल तर महामार्गावर उभे राहून तो बुजत नाही. इंटरनेटच्या दुरुस्तीत आपण नेमके तेच करतो. बिघाड पहिल्या टप्प्यात असताना कंपनीला फोन लावत बसतो आणि दुसऱ्या टप्प्यात असताना संगणक फॉरमॅट करून घेतो.

तांब्याचा आवाज, काचेचा प्रकाश

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. सुरुवातीच्या शहरांत मुंबई होती. त्याच्याही आधी मुंबईच्या ‘एनसीएसटी’ या संस्थेने आणि आयआयटीने ‘अर्नेट’ या शैक्षणिक जाळ्यात ई-मेलची देवाणघेवाण सुरू केली होती. घरोघरचे ब्रॉडबँड आले ते २००४ च्या ब्रॉडबँड धोरणानंतर. त्या धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस. पुढे २०१३ मध्ये ही मर्यादा ५१२ झाली आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस. २००५ च्या जानेवारीत बीएसएनएलचे ‘डेटावन’ सुरू झाले आणि टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरून इंटरनेट येऊ लागले. पंजाब आणि चंदीगडात ‘कनेक्ट’ या नावाने टेलिफोन आणि ब्रॉडबँड देणाऱ्या क्वाड्रंट टेलिव्हेंचर्स या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मात्र औरंगाबादच्या अदालत रोडवर होते. दूरवरच्या या दोन शहरांतला हा धागा फारसा कुणाला ठाऊक नसतो.

तांब्याच्या काळात सामान्य माणसाजवळ निदानाचे एक साधन होते, ते म्हणजे त्याचा कान. रिसीव्हर उचलायचा. खरखर ऐकू आली तर तार भिजली आहे किंवा जोड सैल झाला आहे. काहीच ऐकू आले नाही तर लाइन मेली आहे. मग १९८ वर तक्रार. निरक्षर आजीसुद्धा हे निदान करू शके. फायबर आले आणि ही सोय गेली. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्याला आवाज नसतो. आज आपल्या हाती राउटरवरचे दिवे उरले आहेत, आणि ते वाचायला कुणी शिकवलेले नाही.

या काचेच्या तंतूशी पंजाबचे जवळचे नाते आहे. मोगा इथे १९२६ मध्ये जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत तंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले. त्यांचा निबंध जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. २०२१ मध्ये कपानींना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. शुद्ध काचेतून प्रकाश खूप दूर नेता येईल हे चार्ल्स काव यांनी १९६६ मध्ये मांडले आणि त्यासाठी त्यांना २००९ चे नोबेल मिळाले. आज सेक्टर ३४ मधल्या भिंतीत खिळ्यांवरून वळणे घेत आलेली बारीक केबल याच संशोधनातून आली आहे.

पहिला टप्पा: घरातला

तपासाची सुरुवात दोन प्रश्नांनी करावी. बंद आहे ते एकाच यंत्रावर की सगळ्या? आणि एकच संकेतस्थळ उघडत नाही की कुठलेच नाही? मोबाइल त्याच वायफायवर नीट चालतो आणि संगणक चालत नाही, तर कंपनीचा काही दोष नाही, बिघाड संगणकात आहे. (मोबाइलचा स्वतःचा डेटा आधी बंद करावा, नाहीतर तो आपल्याला फसवतो.) एकच बँक उघडत नसेल आणि बाकी सगळे चालत असेल, तर अडचण बहुधा त्या बँकेकडे आहे.

मग वायफाय बाजूला ठेवून लॅनच्या तारेने संगणक थेट राउटरला जोडावा. तारेवर सगळे सुरळीत असेल तर दुखणे वायफायचे. कोठ्यांच्या वस्तीत हे फार आढळते. प्रत्येक मजल्यावर एक राउटर, शेजारच्या कोठीत आणखी तीन. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच: १, ६ आणि ११. सगळे राउटर त्यांत दाटीवाटी करतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गोंगाट करतो. ५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे, पण जाड विटांच्या भिंतींपुढे तो लवकर दमतो. म्हणून राउटर कपाटात किंवा टीव्हीमागे लपवू नये. घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळ्या जागी ठेवावा. संगणक राउटरच्या खोलीतच असेल तर ५ वर जोडावा, दोन भिंतींपलीकडे असेल तर तार ओढावी. तारेसारखा उपाय नाही.

तारेवरही चालत नसेल तर विंडोजमध्ये स्टार्टवर ‘सीएमडी’ लिहून काळी खिडकी उघडावी आणि ‘आयपीकॉन्फिग’ ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत द्यावी. तिथे ‘आयपीव्ही४’पुढचा आकडा १९२.१६८ किंवा १० ने सुरू होत असेल तर राउटरने संगणकाला पत्ता दिलेला आहे. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाने हाका मारल्या, कुणी उत्तर दिले नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला. अशा वेळी तार, तिचे टोक, राउटरचा सॉकेट किंवा संगणकाचे नेटवर्क कार्ड तपासायचे.

पत्ता ठीक असेल तर तीन वेळा ‘पिंग’ करायचे. पिंग ही आज्ञा माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिली. पलीकडच्या यंत्राला हाक मारायची आणि उत्तराला किती मिलिसेकंद लागले ते मोजायचे, एवढेच तिचे काम. पहिली हाक राउटरला, म्हणजे ‘आयपीकॉन्फिग’मध्ये ‘डिफॉल्ट गेटवे’पुढे दिसणाऱ्या पत्त्याला. उत्तर आले तर घरातला टप्पा शाबूत आहे. दुसरी हाक ८.८.८.८ ला, हा गुगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता. उत्तर आले तर बाहेरची वाटही चालू आहे. तिसरी हाक कोणत्याही संकेतस्थळाला नावाने. आकड्याला उत्तर मिळते आणि नावाला मिळत नाही, तर वाट शाबूत आहे, मात्र नावावरून आकडा शोधून देणारी डीएनएस सेवा अडली आहे. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ लिहिले की बहुतेक वेळा काम होते.

संगणकाची स्वतःची काही दुखणी वरकरणी इंटरनेटचीच वाटतात. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की तारीख मागे जाते. मग ब्राउझरला सगळ्या संकेतस्थळांची प्रमाणपत्रे चुकीची वाटू लागतात आणि पानामागून पान ‘असुरक्षित’ म्हणून अडते. तारीख दुरुस्त करा, इंटरनेट परत येते. कधी काढून टाकलेल्या व्हीपीएनने मागे ठेवलेली प्रॉक्सीची खूण तशीच राहते, कधी अँटिव्हायरसचे फायरवॉल वाट अडवते, कधी वीज वाचवण्याच्या सेटिंगमुळे नेटवर्क कार्ड झोपी जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि पुन्हा तपासावे. पाच गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे चालू झाले ते कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा सुरुवातीपासून चाचपडावे लागते.

‘शंभरचे घेतले, बाराच मिळतात’

बंद पडण्याइतकीच तक्रार मंद चालण्याची. तिथे आधी हिशेब नीट करावा. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, संगणक फाइल उतरवताना तो मेगाबाइटमध्ये दाखवतो. एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून १०० एमबीपीएसच्या जोडणीवर फाइल सेकंदाला १२.५ मेगाबाइटने उतरली तर कंपनी पुरेपूर देते आहे.

३०० चा प्लॅन घेऊनही तारेवर वेग बरोबर ९४-९५ ला अडतो, तेव्हा लॅनच्या तारेकडे पाहावे. तिच्यात चार जोड्या म्हणजे आठ तारा असतात. गिगाबिट वेगाला आठही लागतात, १०० ला चारच पुरतात. टोकाशी एखादी तार तुटली की दोन्ही यंत्रे आपसांत १०० वर तडजोड करतात आणि कुणाला सांगत नाहीत. थोड्या पैशांची नवी तार हा त्यावरचा उपाय. आणि व्हिडिओवर बोलताना आवाज तुटतो, पण वेगचाचणी उत्तम येते, तेव्हा घरातले कुणी मोठी फाइल किंवा मोबाइलमधले फोटो वर चढवत नाही ना ते पाहावे. वर जाणारी वाट तुंबली की खाली येणारे बोलणेही अडखळते.

दुसरा टप्पा: सेक्टरातला

आता राउटरचे दिवे. फायबरच्या राउटरवर ‘पॉन’ आणि ‘लॉस’ असे दोन दिवे असतात. पॉन स्थिर हिरवा म्हणजे एक्स्चेंजशी गाठ पडली आहे. लॉस लाल म्हणजे प्रकाशच पोहोचत नाही. लाल दिवा असताना राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. मागचा हिरव्या टोकाचा प्लग नीट बसला आहे का, केबल कपाटामागे चेपली आहे का, एवढे पाहावे. टोक उघडून त्याला बोट लावू नये, डोळ्यासमोर तर धरूच नये, त्यातून न दिसणारा लेसर येतो. मग सरळ तक्रार नोंदवावी.

एक्स्चेंजमधून निघालेला एक तंतू वाटेत विभाजकातून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. या विभाजकाला वीज लागत नाही, पण प्रकाश वाटला गेला की क्षीण होतो, १:३२ च्या वाटणीत सुमारे १७ डेसिबलने. तंत्रज्ञ ज्याला ‘पॉवर’ म्हणतात ती घरी पोहोचणाऱ्या प्रकाशाची मात्रा. ती साधारण उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या पट्ट्यात हवी. उणे २७ च्या काठावर असलेली जोडणी एरवी चालते आणि केबल थोडी वाकली किंवा जोड मळला की तुटते. दिवसातून अनेकदा तुटून आपोआप जुळणाऱ्या नेटचे कारण पुष्कळदा हेच असते. तंत्रज्ञ घरी आला की ‘पॉवर किती आली?’ एवढे विचारावे आणि आकडा लिहून ठेवावा. पुढच्या वेळी तो आकडा घसरला असेल तर वाद घालावा लागत नाही.

सगळीच घरे अशा शुद्ध फायबरवर नाहीत. माझ्या घरी फायबर गल्लीतल्या डब्यापर्यंत येते आणि तिथल्या स्विचपासून पुढे लॅनची तार. गेल्या उन्हाळ्यात नेट अधूनमधून जाई आणि काही वेळाने परत येई. कंपनीने राउटर बदलला, मग संगणकावर संशय घेतला. मी एका कागदावर नेट गेल्याची आणि आल्याची वेळ लिहीत गेलो, सोबत राउटरवरचा कुठला दिवा विझतो तेही. बाहेरून येणाऱ्या तारेचा दिवा दरवेळी विझत होता, म्हणजे घर निर्दोष होते. आणि त्या वेळा गल्लीच्या दुसऱ्या बाजूची वीज जाण्याच्या वेळांशी जुळत होत्या. आमच्याकडे इन्व्हर्टर असल्याने राउटर चालू राही, पण डब्यातला स्विच पलीकडच्या कोठीच्या विजेवर होता. तो कागद दाखवल्यावर तंत्रज्ञाने डब्यात बॅटरी बसवली आणि प्रश्न मिटला.

चंदीगडात मे-जूनच्या आंधीने फांद्या पडतात, तशा त्यांना टेकलेल्या केबलीही. जमिनीखालच्या केबलींना खोदकामाचा धोका. पाण्याच्या किंवा गॅसच्या नळासाठी जेसीबी लागला की एका घावात सगळा मोहल्ला बंद. हे टाळण्यासाठी खोदण्याआधी कळवण्याचे ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अॅप २२ मार्च २०२३ रोजी सुरू झाले. सोसायटीत किंवा गल्लीत खोदकाम निघाले तर कंत्राटदाराला त्याची आठवण करून देणे आपल्याच हिताचे आहे.

तिसरा टप्पा: महामार्गाचा

घर ठीक, दिवे हिरवे, भारतातली संकेतस्थळे झटपट उघडतात आणि परदेशातली रखडतात. अशा वेळी ‘ट्रेसर्ट’ ही आज्ञा वाटेतले एकेक ठाणे दाखवते. चंदीगड समुद्रापासून फार दूर आहे, पण परदेशाशी त्याचे बोलणे बरेचसे मुंबईवरून जाते. समुद्राखालून आलेल्या केबली वर्सोव्याच्या आणि मुंबईच्या इतर किनाऱ्यांवर जमिनीवर येतात. जानेवारी २००८ च्या अखेरीस अलेक्झांड्रियाजवळ केबली तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रात पुन्हा तसेच झाले. अशा दिवशी घरातले राउटर बदलण्यात अर्थ नाही. वाट पाहावी.

तक्रार कशी करावी

नेट बंद पडल्यावर घाईने शोधून मिळालेला ‘ग्राहक सेवा’ क्रमांक धोक्याचा असू शकतो. पलीकडचा माणूस संगणकाचा ताबा देणारे अॅप उतरवायला सांगतो किंवा दहा रुपये भरायला लावतो, आणि बँकखाते रिकामे होते. क्रमांक फक्त बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अॅपमधून घ्यावा. ओटीपी कुणालाही देऊ नये. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवावे.

तक्रार नोंदवताना डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मागून घ्यावा, तो देणे कंपनीला बंधनकारक आहे. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीचे समाधान झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे विनाशुल्क दाद मागता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सेवेच्या दर्जाचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यांत घरच्या जोडणीची दुरुस्ती तीन दिवसांपलीकडे लांबली तर ग्राहकाला भाड्यात सूट देण्याची तरतूद आहे. आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की टेलिकॉम कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येते. हे अधिकार कागदावर आहेत. ते वापरायला पुरावा लागतो, आणि तो आपल्यालाच जमवावा लागतो.

म्हणून प्रत्येक घराला माझी विनंती आहे. राउटरशेजारी एक कागद चिकटवा. त्यावर ग्राहक क्रमांक, कंपनीचा खरा फोन नंबर, सगळे ठीक असताना कोणते दिवे कसे दिसतात आणि पिंग करायचे दोन पत्ते मोठ्या अक्षरांत लिहा. खाली बिघाडाची तारीख, वेळ, दिव्यांची स्थिती आणि डॉकेट क्रमांक लिहायला जागा ठेवा. तुम्ही परगावी राहत असाल तर घरून परत निघण्यापूर्वी आईवडिलांकडून ही तपासणी एकदा त्यांच्या हाताने करवून घ्या, तुम्ही करून दाखवू नका. ‘नेट चालत नाही’ म्हणणाऱ्या ग्राहकाला राउटर बंद करून चालू करायला सांगितले जाते. ‘घरातली वाट शाबूत आहे, लॉस लाल आहे, पावणेसातपासून बंद आहे’ असे सांगणाऱ्याकडे तंत्रज्ञ पाठवावा लागतो.